कोणती रायफल, कोणतं कॅलिबर? ओहायोतल्या हरणाचं एक प्रकरण

प्रश्न विचारणारा माझा भाचा. डोंबिवलीत वाढलेला, सध्या बायकोसह अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबसजवळ राहणारा, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा. त्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची शहराबाहेर मका आणि सोयाबीनची शेती आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं त्या शेतात कळपाने उतरतात. हंगामात शिकारीला या, असं रीतसर आमंत्रण त्या सहकाऱ्याने दोघांनाही दिलं आणि भाच्याचा एका ओळीचा निरोप मला आला: "आत्या, .३०८ घेऊ की ६.५ क्रीडमोर?" ही दोन काडतुसांची नावं. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास.

मला विचारायचं कारण, मी वरळीच्या रेंजवर बरीच वर्षं .२२ ची प्रोन (पालथं झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) नेमबाजी केली आणि आता मुलांना शिकवते. हरणावर मी कधी गोळी झाडलेली नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीला बंदी आहे आणि ती असावी असंच माझं मत आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातलं चितळ बघायला जावं, त्याच्यावर नेम धरण्याचा विचारही करू नये. कुणाच्या घरी आजोबांची परवान्याची .३१५ रायफल पडून असेल, तर पुढचं सगळं वाचून तिच्यावरची धूळ झटकू नये. हे प्रकरण ओहायोचं आहे, तिथल्या कायद्याचं आणि तिथल्या हरणाचं.

आमच्या घरात यावरून वाद झालाच. वहिनी म्हणाल्या, "खायला मिळत नाही का तिकडे काही, म्हणून मुक्या जनावराला मारायचं?" त्यांचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. पण ओहायोतली परिस्थिती वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलं हरीण अतोनात शिकार आणि जंगलतोड यांमुळे नामशेष झालं होतं. पुढे ते परत आणलं, जपलं, आणि आता ते इतकं वाढलंय की पिकांची नासाडी आणि रस्त्यावरचे अपघात ही नेहमीची गोष्ट झाली आहे. लांडगा आणि प्यूमा तिथून कधीच गेले. संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम मुख्यतः परवानाधारक शिकारीच करतात. शिवाय १९३७ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीव संवर्धनाकडे जातो. विदर्भात रोही आणि रानडुकरं रात्रीत उभं पीक कसं झोपवतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या शेतकऱ्याची बाजू समजावून सांगावी लागणार नाही. वहिनींना हे पटलं असं नाही. पण त्यांनी एक अट घातली, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणात ती सगळ्यात शहाणपणाची होती: "मारायचंच असेल तर तडफडत ठेवू नका."

पुढचा प्रत्येक निर्णय मी त्या अटीवर घासून पाहिला.

कॅलिबरच्या आधी परवाना

भाचा काम-व्हिसावर, त्याची बायको अवलंबित व्हिसावर. अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी अनेकांना ही गोष्ट ठाऊकच नसते की ग्रीन कार्ड नसलेल्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणं हेही बाळगणंच ठरू शकतं. या मनाईला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्याही अमेरिकी राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. तो संपला की अपवादही संपतो, म्हणून नूतनीकरणाची तारीख विसरून चालत नाही.

म्हणून क्रम ठरला. आधी दोघांनी शिकारी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करायचा, कारण पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला ओहायोत तो लागतो. मग दोघांनी आपापला परवाना आणि हरणासाठीचं वेगळं परमिट काढायचं. नवऱ्याच्या परवान्यावर बायकोचं भागत नाही. तिथल्या वकिलाकडून एकदा कागद तपासून घ्यायचे. त्यानंतरच रायफलीला हात लावायचा. हा सगळा वेळ भाच्याला फुकट गेल्यासारखा वाटत होता. मला मात्र ती सोय वाटली, कारण तेवढ्यात त्याचं .३०८ आणि क्रीडमोरचं वेड जरा उतरलं.

दोन्ही नावं बाद

राज्याचे शिकारीचे नियम मी त्याला स्वतः वाचायला लावले. दोन दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. ओहायोत हरणासाठी सरळ भिंतीच्या पुंगळीचंच (दारू भरायच्या धातूच्या नळकांड्याचंच) काडतूस चालतं, तेही .३५७ ते .५० इंच या मर्यादेत. .३०८ काय, ६.५ क्रीडमोर काय, .२७० काय, ही सगळी बाटलीसारख्या मानेची काडतुसं. पुंगळीचं पोट रुंद, त्यात दारू जास्त, आणि मानेपाशी अरुंद होऊन बारीक, लांबट, वेगवान गोळी. तशी रायफल विकत घ्यायला आडकाठी नाही, पण ती घेऊन ओहायोत हरणामागे गेलात तर तो गुन्हा.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ओहायोचा बराच भाग सपाट आणि दाट वस्तीचा. शेताच्या टोकाला रस्ता, रस्त्यापलीकडे घर, अशी रचना. बाटलीमानेच्या काडतुसातली चुकलेली गोळी फार लांब जाते. म्हणून पूर्वी तिथे हरणासाठी शॉटगनमधली एकसंध मोठी गोळी, म्हणजे स्लग, हाच मुख्य पर्याय होता. पाठोपाठ नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुका. २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली. यांची गोळी जाड, बोथट आणि तुलनेने मंद असते. ती लवकर वेग हरवते आणि लवकर खाली येते. स्लगपेक्षा नेम कितीतरी चांगला लागतो आणि खांद्याला मारही कमी बसतो.

भाच्याने चिकाटीने जमवलेली तुलना यामुळे ओहायोपुरती निकामी झाली. तरी तिच्यातलं एक निरीक्षण टिकलं आणि पुढे उपयोगी पडलं. .२४३ विंचेस्टर (१९५५) १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी सेकंदाला सुमारे २९६० फुटांनी फेकते, .३०८ विंचेस्टर (१९५२) १५० ग्रेनची गोळी २८२० फुटांनी. नळीच्या तोंडाशी ऊर्जा अनुक्रमे १९५० आणि २६५० फूट-पौंडांच्या (ऊर्जेचं एकक) आसपास. आकड्यांत एवढा फरक असूनही पांढऱ्या शेपटीचं हरीण दोन्हींनी तितक्याच नीटपणे पडतं. अमेरिकेत गेल्या शतकभरात अमाप हरणं .३०-३० ने मारली गेली. ते काडतूस १८९५ चं, ऊर्जा १९०० च्या घरात, आणि वेग आजच्या मानाने बेताचाच. हे हरीण म्हणजे काही हत्ती नव्हे. अंगाने ते आपल्या चितळाच्या जवळपास भरतं, सांबराच्या पुष्कळ खाली. शिकाऱ्यांमध्ये एक ढोबळ मोजमाप चालतं: हरणापाशी पोचताना गोळीत १००० फूट-पौंड ऊर्जा उरलेली असावी. हा काही निसर्गाचा नियम नाही, पण मर्यादा आखायला बरा पडतो.

शेताचा नकाशा

मी भाच्याला म्हटलं, दुकानात जाऊ नकोस, शेतावर जा. झाडावरच्या ज्या मचाणावरून बसायचंय तिथे उभा राहा, अंतर मोजायचं यंत्र सहकाऱ्याकडून माग आणि मला कागदावर नकाशा काढून पाठव.

नकाशा आला तो असा. मचाण ओकच्या रांगेत. समोर कापणी झालेलं सोयाबीनचं शेत. डावीकडे ओढ्याची घळ, तिथून हरणं ये-जा करतात, ती वाट ४० ते ७० यार्डांवर. समोरचा बांध ११० यार्डांवर. त्यामागे जमीन चढते, म्हणजे गोळी मातीत थांबेल. उजवीकडे मात्र शेत दूरवर उघडं आणि टोकाला शेजाऱ्याचं कोठार. त्या बाजूला कुठल्याही कॅलिबरने गोळी झाडायची नाही, हे मी नकाशावरच लाल रेघ मारून परत पाठवलं. मचाण उंचावर असल्याचा फायदा हा की गोळी खालच्या दिशेने जाते आणि जमिनीत रुतते. पण चढावर किंवा क्षितिजावर हरीण उभं असेल तर हा फायदा उरत नाही.

सगळ्यात लांबचा नेम म्हणजे ११० यार्ड. ३०० यार्डांवरच्या अचूकतेसाठी ज्या काडतुसांची ख्याती आहे, त्यांचं इथे कामच नव्हतं. मुंबईतल्या वाचकांसाठी सांगायचं तर हे अंतर साधारण ओव्हल मैदानाच्या रुंदीपेक्षाही कमी भरेल.

खांदा कुणाचा?

इथे मला सर्वात जास्त बोलायचंय, कारण कॅलिबरच्या चर्चांमध्ये रायफल धरणाऱ्याचा विचार सगळ्यात शेवटी येतो.

भाचा सहा फुटी, त्याची बायको जेमतेम पाच फुटांची. रायफल एकच घ्यायची होती. सहकाऱ्याचा आग्रह .४५० बुशमास्टरचा. २५० ग्रेनची गोळी, २२०० फुटांचा वेग, तोंडाशी २६९० फूट-पौंडांच्या आसपास ऊर्जा. "हरीण जागच्या जागी बसतं," हे त्याचं म्हणणं. शेजाऱ्याने १२ बोअरची शॉटगन आणि स्लग फुकट द्यायची तयारी दाखवली. कुणीतरी १८७३ सालच्या .४५-७० चं गुणगान केलं, आणि ते काडतूस आजही कामाचं आहे यात शंका नाही.

मी दोघांना एकच गोष्ट करायला सांगितली. परवाने हातात आल्यावर सहकाऱ्याची .३०८ घेऊन रेंजवर जायचं. नेमबाजाने मान वळवायची, दुसऱ्याने चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, कधी खरं काडतूस, कधी डमी (नकली) घालायचं. नेमबाजाला काय घातलंय ते कळता कामा नये. आणि बाजूने फोनवर चित्रीकरण.

ते चित्रीकरण मी सकाळी सातला घरी बसून पाहिलं, तिथे तेव्हा आदल्या दिवसाची रात्र. पहिल्या दोन खऱ्या गोळ्यांना काही कळत नाही, धक्क्याने सगळंच हलतं. तिसऱ्यांदा डमी. चाप ओढला, नुसता 'टक्' आवाज आला, आणि भाच्याच्या रायफलीची नळी स्पष्ट खाली गेली. चित्र थांबवून पाहिलं तर चाप सुटायच्या क्षणभर आधीच डोळे गच्च मिटलेले, खांदा पुढे आलेला, डाव्या हाताची बोटं आवळलेली. त्याच्या बायकोचं, म्हणजे आमच्या सुनेचं, तर विचारूच नका, तिने मान मागे खेचली होती आणि गाल दस्त्यावरून सुटला होता.

याला आम्ही फ्लिंच म्हणतो. येणाऱ्या धक्क्याला शरीर आधीच उत्तर देऊन मोकळं होतं. हिशेब करून पाहा. रायफल साधारण मीटरभर लांब. खांद्यापाशी टेकलेली असताना नळीचं टोक एक मिलिमीटर जरी खाली गेलं, तरी १०० यार्डांवर गोळी नऊ सेंटिमीटर खाली जाते. चित्रीकरणातली हालचाल एका मिलिमीटरची नव्हती. हरणाच्या फुप्फुसांवर धरलेला नेम पोटात किंवा पायावर लागायला तेवढं पुरेसं आहे. आणि पोटात गोळी लागलेलं हरीण तासन् तास जगतं. वहिनींची अट मोडते ती इथे.

धक्का शेवटी वजनांचा खेळ. गोळी आणि दारू जड, वेग जास्त, रायफल हलकी, तर धक्का मोठा. सात-साडेसात पौंडांच्या रायफलीत .३०८ चा धक्का ढोबळमानाने १७ फूट-पौंडांच्या आसपास येतो. .४५० बुशमास्टरचा त्याहून चढा, १२ बोअरच्या स्लगचा त्याहूनही. .३५० लेजंडचा मात्र नऊच्या आगेमागे, म्हणजे .३०८ च्या जवळजवळ निम्मा.

जागच्या जागी बसवणाऱ्या काडतुसाबद्दल मला नेमबाज म्हणूनही आक्षेप आहे. मेंदू किंवा मणक्यावर आघात झाला तरच जनावर तत्क्षणी कोसळतं, आणि ती लक्ष्यं लहान व हलती असतात. नवख्याने तिकडे नेम धरूच नये. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जेमतेम आठ इंचांचा गोल होतो, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. गोळी तिथून आरपार गेली की रक्तदाब कोसळतो, मेंदूला प्राणवायू मिळत नाही आणि हरीण थोडं अंतर धावून काही सेकंदांत पडतं. भोक .३५७ चं की .४५२ चं, याने त्या सेकंदांत फारसा फरक पडत नाही. भोक चार इंच मागे पडलं तर मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

निवड

.३५० लेजंड विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलं, ते नेमकं अशा राज्यांसाठी. नावात ३५० असलं तरी गोळीचा मापदंडातला व्यास .३५७ इंच, म्हणून ओहायोच्या खालच्या मर्यादेत ते बसतं. १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २३२५ फुटांनी निघते, ऊर्जा १८०० फूट-पौंड. १०० यार्डांवर ती १२९० वर येते, २०० वर ९०० वर. म्हणजे त्या हजाराच्या मोजमापाने याची हद्द दीडशे-पावणेदोनशे यार्डांच्या दरम्यान संपते. १०० यार्डांवर झिरो केलं, म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण लावली, तर ५० वर गोळी जवळजवळ तिथेच लागते, आणि २०० वर आठ-नऊ इंच खाली. आपला नकाशा ११० ला संपत होता.

.३६० बकहॅमर हा २०२३ चा नवा पर्याय विचारात होता. १८० ग्रेनची गोळी २४०० फुटांनी, जरा जास्त जोरकस. पण त्याचा जन्म लिव्हर अ‍ॅक्शन (चापाजवळची कडी खाली-वर करून भरायच्या) रायफलींसाठी, आणि मला नवशिक्यांच्या हातात बोल्ट, म्हणजे हाताने मागे-पुढे सरकवायचा दांडा, हवा होता. बोल्ट उघडा म्हणजे रायफलीतून गोळी सुटणार नाही, हे शेजारी बसलेल्यालाही दिसतं. .४४ मॅग्नमचा विचार फार झाला नाही. ७५ यार्डांच्या आत ते उत्तम आहे, बांधापर्यंत मात्र त्याच्यावर भरवसा ठेवावा असं वाटलं नाही.

तेव्हा .३५० लेजंड, बोल्ट अ‍ॅक्शन, आणि दस्ता आखूड, वर ठोकळे लावून लांबी वाढवता येणारा. हा दस्त्याचा मुद्दा मी कॅलिबरइतकाच महत्त्वाचा मानते. बाजारातल्या बहुतेक रायफलींचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास असतो. पाच फुटांच्या बाईला तो लांब पडतो, मग ती पाठ मागे वाकवते, वजन टाचांवर जातं आणि लहानसा धक्काही मोठा लागतो. आमच्या रेंजवरही उंच मुलांसाठी लावलेली रायफल तशीच ठेवून लहान मुलीला "अजून घट्ट धर" म्हणणारे मी पाहिलेत. घट्ट धरून काही होत नाही. रायफल माणसाच्या मापाची करायची असते. सुनेने मोजून साडेबारा इंच ठेवले, भाचा बसला की एक ठोकळा चढतो.

काडतुसाची निवडही कॅलिबरवर संपत नाही. याच .३५० मध्ये १४५ ग्रेनचं पूर्ण कवचाचं, फक्त सरावाचं काडतूस मिळतं आणि २५५ ग्रेनचं सबसॉनिकही (आवाजापेक्षा मंद गोळीचं). दोन्ही हरणासाठी नकोत. पूर्ण कवचाची गोळी आत उमलत नाही, बारीक भोक पाडून निघून जाते. उमलणारी, मऊ टोकाची किंवा तांब्याची गोळीच हवी. मांस घरी शिजणार असेल तर मी तांब्याची घ्या म्हणते, कारण शिशाच्या गोळीचे कण जखमेपासून बऱ्याच दूरपर्यंत मांसात पसरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

कागदी प्लेट

रायफल आली तरी सराव .२२ वरच जास्त झाला. फ्लिंच मोडायला दुसरं औषध नाही. त्याबरोबर घरी रिकाम्या रायफलीने ड्राय प्रॅक्टिस, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, नळीवर नाणं ठेवून. चाप सुटला आणि नाणं पडलं नाही तर तो एक चांगला शॉट.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा नीलिंग, प्रोन, स्टँडिंग हे शब्द आपल्या घरांत पोचले. शिकारीला नेमकी हीच विद्या लागते. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून काढलेला सुंदर ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा जवळजवळ पडलेला पुंजका, रायफलीची तारीफ करतो, माणसाची नाही. मचाणावर टेबल नसतं. म्हणून दोघांची परीक्षा अशी ठेवली: आठ इंची कागदी प्लेट, मचाणासारखंच बसून, पुढे एका काठीचा आधार, अंगात थंडीचे जाड कपडे, आणि ज्या अंतरावर सगळ्या गोळ्या प्लेटमध्ये पडतील ते त्या माणसाचं अंतर. त्यापुढे चाप ओढायचा नाही, मग काडतूस काहीही करू शकत असो.

भाच्याचं अंतर १०० यार्ड आलं. सुनेचं आधी ५०, मग दस्ता नीट झाल्यावर ७५.

हंगाम

ओहायोत रायफलीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारपासून आठवडाभर. नारिंगी जाकीट सक्तीचं, वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, आणि चेंबर-मॅगझिन मिळून तीनच काडतुसं.

सुनेच्या समोर घळीच्या वाटेवरून एक मादी आली, ६० यार्डांच्या आत. पहिल्यांदा ती तोंड मचाणाकडे करून उभी होती. सुनेने नेम धरला नाही, कारण समोरून छातीचा गोल दिसत नाही. मादी वळून आडवी झाल्यावर तिने चाप ओढला. हरीण उडी मारून ओढ्याकडे धावलं. दोघं ठरल्याप्रमाणे अर्धा तास जागचे हलले नाहीत. लगेच पाठीमागे धावलं तर जखमी जनावर आणखी लांब पळतं. मग खाली उतरून रक्त पाहिलं: फिकट लाल, फेसाळ. म्हणजे फुप्फुसं. हिरवट घाण किंवा वास असता तर पोट, आणि मग कित्येक तास थांबणं आलं असतं. मादी ओढ्याच्या अलीकडेच सापडली. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली होती.

भाच्याला शेवटच्या संध्याकाळी मोठ्या शिंगांचा नर दिसला, आडवा, निवांत, बांधाच्याही पलीकडे. यंत्रावर १४५ यार्ड. काडतुसाला ते अंतर जमलं असतं, तिथे ११०० च्या जवळपास ऊर्जा उरते आणि गोळी तीनेक इंच खाली येते. त्याने रायफल खाली ठेवली. रात्री फोनवर त्याला हळहळ होती, आणि ती त्याने लपवलीही नाही. मी त्याला शाबासकी दिली ती मनापासून. प्लेटवर त्याचं अंतर १०० होतं आणि हरणासमोर छाती धडधडत असताना ते वाढत नाही, घटतं.

एक गोष्ट मी त्यांना मुंबईला यायच्या आधी दोनदा बजावली आणि इथेही लिहिते, कारण यात अमेरिकेतून येणारी चांगली माणसं सापडतात. जी पाठपिशवी शेतावर किंवा रेंजवर नेली ती प्रवासाला घ्यायची नाही. शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस विमानतळावरच्या तपासणीत दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंद होऊ शकतो. 'मला माहीतच नव्हतं' हे कोर्टात सिद्ध होईपर्यंत पासपोर्ट, सुट्टी आणि नोकरी सगळं टांगणीला. रिकामी पुंगळी आठवण म्हणूनसुद्धा आणू नका.

आता पुढच्या वर्षाचा विषय निघालाय. भाच्याचा एक मित्र शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात डोंगराळ भागात राहतो. तिथे बाटलीमानेची काडतुसं चालतात, पण हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालत नाही, आणि परवाना त्या राज्याचा वेगळा. नकाशा मागवला, तर एका उताराहून दुसऱ्या उतारापर्यंत अंतरं १८० यार्डांपर्यंत जातात. म्हणजे आता .३५० पुरणार नाही आणि त्याचा जुना प्रश्न खरोखर विचारण्याजोगा झाला. माझं उत्तर .३०८ नाही आणि क्रीडमोरही नाही, जरी दोन्हींनी काम होईल. मी ७ मिमी-०८ सुचवलं. १९८० पासूनचं, .३०८ चीच पुंगळी मानेत आवळून केलेलं. १४० ग्रेनची गोळी २८६० फुटांच्या आसपास, हरणासाठी भरपूर, आणि धक्का .३०८ पेक्षा कमी, म्हणजे सुनेलाही पेलेल. भाच्याला अजून क्रीडमोरच आवडतं, आणि त्याने ते घेतलं तरी माझी हरकत नाही.

हरकत फक्त आधी दुकानात जायला आहे. प्लेटची परीक्षा .३५० वरच, मचाणासारखं बसून, १५० यार्डांवर पास व्हायची, मग नवी रायफल, असं आम्ही ठरवलंय. सून मागच्या महिन्यात पास झाली. त्याची अजून बाकी आहे.